बिऱ्हाडाची वाट

सदर इसम नामे सौ. म्हाळसा संपत कोकरे, वय वर्षे पस्तीस, राहणार केडगाव शिवार, तालुका दौंड, जिल्हा पुणे, ही रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात प्लास्टिकच्या सुट्या भागांची नजरतपासणी करण्याकामी कायम कर्मचारी म्हणून नेमणुकीस आहे. शिक्षण बारावी, कला शाखा. ओळखीची खूण, उजव्या भुवईवर मेंढ्याच्या शिंगाचा व्रण. संगणकाचे ज्ञान निरंक. परदेशाशी संबंध निरंक. तिच्या नावे कोणतीही स्थावर मालमत्ता नाही.

कंपनीच्या फायलीतली ही माहिती खरी आहे, म्हणजे फायलीतली माहिती जितकी खरी असते तितकी. फक्त म्हाळसाच्या मालकीच्या चारशे बारा जागा आहेत, त्यांत तीन नद्या आणि एक घाट आहे, आणि गेल्या तीन वर्षांत फलटणपासून फिनलंडपर्यंतची माणसं त्यांतून चालून गेली आहेत. त्यांच्यापुढं दर वेळी दीडशे मेंढरं असतात. त्यातलं एकही मेंढरू कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कारण हे सगळं नुसत्या अक्षरांचं आहे.

फोनवर एक काळं पान उघडतं. चित्र नाही, आवाज नाही. चार ओळी येतात. ‘तुम्ही काळ्या रानात उभे आहात. ज्वारी काढून झाली आहे, सड पायाला टोचतात. मेंढरं पांगली आहेत. उगवतीला बांध, मावळतीला विहीर.’ खाली तुमच्या उत्तराची वाट बघत एक रेघ लुकलुकत राहते. तुम्ही ‘मावळत’ लिहिलंत की विहीर येते, तिच्या नऊ पायऱ्या येतात, आणि पाचवी पायरी निसटती आहे हेही कळतं. त्याच वेळी जगातला आणखी कुणी त्या विहिरीवर आला असेल तर त्याचं नाव दिसतं, त्याच्याशी बोलता येतं. असली अक्षरांची जगं परदेशात चाळीसेक वर्षं चालू आहेत. तिकडचे लोक त्यांत किल्ले बांधतात आणि राक्षस सोडतात. म्हाळसानं मेंढपाळांचे मुक्काम बांधले.

आणि तेही कंपनीच्या बसमध्ये, अंगठ्यानं. चौफुल्यावरून निघालेली बस पारगावच्या पुलावरून न्हावऱ्यामार्गे रांजणगावला पोचायला सव्वा तास घेते. वाटेत रेंज अशी की व्हिडिओ सुरू करावा आणि गोल फिरताना बघत बसावं. अक्षरं मात्र जातात. शेजारच्या सीटवर बसणाऱ्या वैष्णवी नावाच्या ट्रेनी इंजिनिअरनं तिला असलं एक जग दाखवलं, स्वतःचं कसं बांधायचं ते शिकवलं, आणि दोन महिन्यांनी दुसरी नोकरी धरून ती निघून गेली. संगणकाचे ज्ञान निरंक हे म्हणूनच बरोबर आहे. म्हाळसानं आजतागायत संगणकाला हात लावलेला नाही.

जग बांधायचं कारण मात्र जगाच्या मानानं लहान होतं. ती एक जागा होती.

म्हाळसाचे वडील, आण्णा टकले, आज बहात्तर वर्षांचे आहेत. शहाण्णव साली मेंढरं विकून उसाला पाणी द्यायला लागेपर्यंत ते दर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आधी माघारी यायचे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, सहाव्या मुक्कामावरून सातव्याकडं जाताना, त्यांच्या बायकोला, गिताबाईंना, पहिला मुलगा झाला आणि दिवस मावळायच्या आत गेला. आण्णा तेव्हा कळपाबरोबर होते. संध्याकाळी मुक्कामावर त्यांच्या आईनं त्यांना एका वाक्यात सांगितलं. कुठं, असं त्यांनी विचारलं. “वाटंत ठिवलं,” म्हणून ती भाकरी थापायला बसली. दुसऱ्या दिवशी उजाडताच कळप हलला. मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत.

पुढची एकोणीस वर्षं आण्णा सहाव्या ते सातव्या मुक्कामाच्या वाटेवरचा एकेक दगड बघत चालले. जागा सापडली नाही. बायकोला त्यांनी विचारलं नाही. त्या वेळी असलं काही बायकोला विचारायची रीत नव्हती, आणि रीत बदलेपर्यंत विचारायची वेळ निघून गेली होती. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेताना त्यांनी लेकीला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. आपल्याला एक थोरला भाऊ होता हे म्हाळसाला बत्तिसाव्या वर्षी, दवाखान्याच्या बाकावर कळलं.

“तेवढी एक जागा मला दाव,” आण्णा म्हणाले. “मंग माझं काई म्हननं न्हाई.”

तिनं आधी सरळ मार्ग धरला. सहावा मुक्काम कुठल्या गावात होता, असं विचारलं. आण्णांना गाव सांगता येईना. पाबळच्या बाजूला, एवढंच. तिनं फोनवर नकाशा उघडून दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला आणि परत केला. वरनं कशाला बघायचं, म्हणाले, मेंढरू काय वरनं बघतं का?

मग एकदा बसमध्ये वैष्णवीचा तो खेळ बघताना म्हाळसाच्या लक्षात आलं, की आण्णांना ‘कुठं’ असं विचारलं की ते गप्प होतात, पण ‘मग पुढं’ असं विचारलं की थांबत नाहीत. त्यांच्या डोक्यात गावं नव्हतीच. एक जागा होती, तिच्यातून निघणारी वाट होती, आणि त्या वाटेच्या टोकाला पुढची जागा उभी होती. मोठमोठ्या विद्यापीठांतल्या पोरांनी रात्री जागून शोधलेली मांडणी या माणसाच्या डोक्यात आधीपासून भरलेली होती. फक्त टाइप व्हायची राहिली होती.

ती जागा लिहायची, घरी येऊन वाचून दाखवायची. आण्णा डोळे मिटून ऐकायचे, चुकलेलं दुरुस्त करायचे आणि पुढं निघायचे. तीस वर्षं न चाललेल्या वाटेवरच्या एकशे चाळीस जागा त्यांनी क्रमानं सांगितल्या. कोणत्या बांधावर बोरी आहेत, कोणता बागाईतदार खतासाठी कळप बसवून घेतो आणि त्याचं कुत्रं कोणत्या पायाला धरतं. म्हाळसानं पडताळा म्हणून एकदा मधल्या दोन जागांची मुद्दाम अदलाबदल केली. आण्णा तिथं पोचताच अडखळले, म्हणाले, पाय चुकल्यासारखं वाटतंय गं.

पहिला खरा घोटाळा परतीच्या वाटेवर झाला. तिचा नवरा संपत कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कामाला आहे आणि सासुरवाडीत राहतो. गाव त्याला घरजावई म्हणतं आणि तो ‘व्हय’ म्हणून पुढं जातो. जगाची चाचणी घ्यायचं काम त्याच्याकडं होतं. तो चार जागा पुढं गेला, चार जागा माघारी आला आणि बरोबर निघाला होता तिथं पोचला. एका बाजूनं वाट काढली की उलटी वाट आपोआप तयार व्हायची, तशी त्या साइटची सोय होती. आण्णांनी ऐकलं आणि बाजेवरून विचारलं, “जावईबापू माघारी कुठल्या वाटंनं निघालेत?”

“आलो त्याच की, मामा.”

“त्या वाटंला आता काय ऱ्हायलंय? समदं चरून झालंय.”

कळप गेल्या वाटेनं परत येत नाही. येताना दुसरी वाट, दुसरं पाणी, दुसरे मुक्काम. त्या साइटच्या कर्त्यांना ही गोष्ट कधी सुचली नव्हती, कारण त्यांच्या राक्षसांना चारा लागत नव्हता. म्हाळसानं एकशे चाळीस जागांवर जाऊन प्रत्येक उलटी वाट अंगठ्यानं पुसली आणि येतानाची वेगळी बांधली. त्या आठवड्यात संपत तिच्या जगात हरवणारा पहिला माणूस ठरला. तो आठ दिवसांनी मुळा-मुठेच्या काठावर सापडला.

जग सगळ्यांसाठी खुलं केल्यावर पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या त्या याच. जग तुटलेलं आहे, पूर्वेला गेलो आणि पश्चिमेला वळलो तर भलतीकडेच पोचलो, दुरुस्त करा. म्हाळसानं फोनकडून भाषांतर करून घेतलं आणि सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं, ‘तिकडचं गवत संपलंय.’ फिनलंडच्या एका गृहस्थानं दोन दिवसांनी लिहिलं, की मी तीस वर्षं अशा जगांत राहतो आहे, वाट एकतर्फी असायचं इतकं सरळ कारण मला आजवर कुणी दिलं नव्हतं. तो अजून येतो. मराठी शब्द एकेक करून शिकतो, आणि कोकणात उतरताना मागं राहिलेली कोकरं गोळा करतो, ज्याबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

ती एक जागा मात्र सापडत नव्हती.

सहाव्या ते सातव्या मुक्कामाच्या टप्प्यात म्हाळसानं तेवीस जागा बांधल्या होत्या. इतर टप्प्यांत पाच-सहाच असत. या वाटेवरचा प्रत्येक धोंडा आण्णांना पाठ होता, कारण प्रत्येकाशी ते एकोणीस वेळा थांबले होते. परक्या लोकांना हाच भाग सर्वांत आवडायचा. इथं लेखिकेनं विशेष मेहनत घेतलेली दिसते, असं ते लिहीत. आण्णा तेवीस जागा एकामागून एक ऐकायचे, प्रत्येक जागेला “हितं न्हाई” म्हणायचे, आणि सातव्या मुक्कामावर पोचायचे. तिथं चूल पेटलेली असायची, आणि त्या दिवसापुरतं जग संपायचं.

नेहमी येणाऱ्यांत दौंडची आसमीन शेख होती. एका सहकारी बँकेत ती टेलिफोनवर बसते. जन्मापासून तिला दिसत नाही. तिचा फोन तिला अक्षरं वाचून दाखवतो. अशा जगांत तिच्यासारखे पुष्कळ जण सापडतात, कारण इथं डोळसांना जेवढं दिसतं तेवढंच त्यांनाही दिसतं, आणि पुष्कळदा जास्त. डोळस माणूस ओळखीचं वर्णन आलं की ओळी गाळून पुढं जातो. आसमीनच्या फोनला गाळता येत नाही. प्रत्येक मुक्कामाचा प्रत्येक शब्द ती दर वेळी पुरा ऐकते.

एका दुपारी, दुसऱ्या पाळीला जाताना, बस न्हावऱ्याच्या अलीकडं असताना म्हाळसाच्या फोनवर तिचा मजकूर आला. सातव्या मुक्कामावरून लिहिलेला.

‘ताई, एक विचारू का. मी दिवसभर मेंढरांमागं चालते. मुक्कामावर पोचते तर चूल पेटलेली असते. दर मुक्कामावर. ही चूल पेटवतं कोण? आणि ती बाई माझ्याआधी पोचते कुठून? माझ्या वाटेवर तर ती मला एकदाही भेटली नाही.’

म्हाळसानं ते वाचलं. मग आपलंच जग उघडून एकेक मुक्काम बघितला. जाता-येताच्या एक्केचाळीस मुक्कामांवर, आण्णांनी सांगितलं तसं, तिनं एक्केचाळीस वेळा लिहून ठेवलं होतं, ‘मुक्कामावर चूल पेटलेली आहे.’ रांजणगावला सगळे उतरले तरी ती सीटवरच होती. ड्रायव्हरनं मॅडम म्हणून हाक मारली तेव्हा उठली.

गोष्ट अशी, की कळप आणि बिऱ्हाड कधी एका वाटेनं चालत नाहीत. गडीमाणसं मेंढरं घेऊन वरच्या अंगानं, माळामाळानं, चारत चारत निघतात. बायका घोड्यांवर संसार लादतात, वर कोंबड्या आणि पोरं बसवतात, आणि खालच्या गाडीवाटेनं पुढं जाऊन पाणी बघून तळ टाकतात. दोन्ही वाटा भेटतात त्या संध्याकाळी चुलीपाशी. हे त्यांच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून कुणी सांगत नाही. म्हाळसा स्वतः सहा वर्षांची होईस्तोवर कोंबड्यांच्या पाटीशेजारी घोड्यावर बसून त्या वाटेनं गेली होती. तरी तिनं सगळं जग आण्णांच्या पायांनी बांधलं, आणि त्यात आईची वाट ठेवायला विसरली.

आजीनं ‘वाटंत’ म्हणून सांगितलं, ती आजीची वाट होती. आण्णांनी ऐकली ती आपली.

आसमीनला तिनं उत्तर पाठवलं, ‘माझी आई.’

गिताबाईंच्या लेखी फोनवरचा हा प्रकार म्हणजे बापलेकीचा खेळ होता. रविवारी दुपारी त्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. आण्णा अंगणात बाजेवर होते. म्हाळसा आईपाशी जाऊन बसली आणि म्हणाली, पहिल्या मुक्कामावर सकाळ झालीय, घोडी लादलीत, आता पुढं सांग.

“मला गं काय ठावं? तुझ्या बाला इच्यार, त्यो लई फिरलाय,” गिताबाई म्हणाल्या. मग चार शेंगा फोडल्या. मग म्हणाल्या, “घोडी नव्हं, आदी शिंगरू सोडायचं. त्याच्या मागं घोडी चालती.”

आणि त्या निघाल्या.

त्या दुपारी जे उलगडलं ते संपतनं ऐकलं. तो चहा घेऊन आला होता आणि कप हातात धरून तसाच उभा राहिला. तीच दिशा, तेच दिवस, पण देश दुसराच. आण्णांच्या जगात चारा होता, कुत्री होती, पाटलांची रानं होती. या जगात आड होते, आणि कोणत्या आडावर कोणती बाई पोहरा देते ते होतं. विस्तव मागायची घरं होती. पावसात पीठ कोरडं राहील अशी एक देवळी होती. बाळंतिणीला ऊन पाणी देणारी कुणी सोजरबाई होती, जिचं गाव गिताबाईंना माहीत नव्हतं पण दाराचा रंग माहीत होता. कुठल्या उतारावर घोडीचा पाय घसरतो, कुठं पोरं रडायला लागतात, कुठं बायका मिळून हसतात आणि कशाला, हे सगळं जागच्या जागी होतं, तीस वर्षं कुणी न विचारलेलं. अंगठा पुरेना म्हणून म्हाळसानं शेवटी आवाज टिपायला लावला. आण्णा बाजेवर उठून बसले होते. वीस वर्षं ज्या मुलखातून आपण गेलो त्याच्या शेजारून आणखी एक मुलूख चालला होता, आणि रोज संध्याकाळी आपण त्याच्या हातची भाकरी खात होतो, हे ते पहिल्यांदा ऐकत होते.

सहावा मुक्काम आला. घोडी लादली. गाडीवाट, एक चढ, एक पडका आड. अकराव्या जागेवर वाट ओढ्यात उतरली. काठाला तीन करंज.

“हितं थांबलो,” गिताबाई म्हणाल्या.

म्हाळसानं ‘पुढं’ म्हटलं नाही.

गिताबाईंच्या हातातली शेंग फुटली नाही. सासूबाईंनी खुरप्यानं माती काढली, असं त्यांनी सांगितलं. धुरपदा जावेनं ओढ्यातला पांढरा गोटा उचलून आणला. दीस कलायच्या आत निघावं लागलं, कारण गडीमाणसं मुक्कामावर पोचायची होती. पुढं दर वर्षी जाताना समद्या बायका तिथं घोडी थांबवायच्या आणि हळद-कुंकू वाहून निघायच्या.

आण्णा ओट्याच्या पायरीपाशी आले होते. “मी वरल्या अंगानं बघत हुतो,” ते म्हणाले. “एकुनीस वर्सं.”

“ठावं हाय. दगडं बघत चालतुया म्हनून समदी हसायची तुमाला.”

“मंग सांगितलं न्हाईस ते?”

“तुमी इच्यारलं का कवा?”

संपतनं चहा खाली ठेवला. आण्णा पायरीवर बसले. मग बायकोकडं न बघता म्हणाले, “आता इच्यारतो.”

“चला,” गिताबाई म्हणाल्या. “दावते.”

त्या अकरा जागा म्हाळसानं आठवडाभरात बसमध्ये बसून लिहिल्या. पाठोपाठ बाकीच्या आल्या. आता जगात शिरताना विचारलं जातं, कळपाबरोबर जाणार की बिऱ्हाडाबरोबर. आसमीन बिऱ्हाडाबरोबर जाते. ओढ्याच्या जागेचं वर्णन सगळ्यांत छोटं आहे. ‘तीन करंज. सावली आहे. इथं थांबता येतं.’ तिथं काय आहे ते म्हाळसानं कुणाला सांगितलेलं नाही. तरी लोक थांबतात.

प्रत्यक्ष जायचं गुरुवारी ठरलं, कारण संपतची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची आणि त्याच्या भावाची पिकअप त्या दिवशी रिकामी होती. गाडीवाटेवर डांबर पडलं होतं आणि तीनपैकी दोन करंज उरले होते. म्हाळसा फोनवरून एकेक जागा वाचत होती. गिताबाईंनी नवव्या जागेलाच गाडी थांबवायला सांगितली आणि पुढच्या दोन त्या पायी गेल्या.

या दिवसाकरिता तिने रीतसर रजेचा अर्ज सादर केला होता. कंपनीच्या प्रणालीत रजेच्या कारणाचे सहा पर्याय दिलेले असून त्यांपैकी एक निवडणे कर्मचाऱ्यावर बंधनकारक आहे. स्वतःचे आजारपण, विवाह, प्रसूती, निकटच्या नातेवाइकाचे निधन, न्यायालयीन काम व इतर. निधनाचा पर्याय निवडल्यास सदर घटना मागील सात दिवसांत घडल्याचा दाखला जोडणे आवश्यक आहे. सबब कर्मचारी महिलेने ‘इतर’ हा पर्याय निवडला व रजा मंजूर करण्यात आली.

आण्णा त्या दिवशी करंजाखाली चार तास बसले होते.